अमिल्कार काब्राल : झेंड्याआधीचे स्वराज्य

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. परंतु गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले ते तब्बल तेरा वर्षांनी, ३१ डिसेंबर १९७४ रोजी दिल्लीत झालेल्या करारान्वये. या तेरा वर्षांत लिस्बनचे मन वळविले ते भारतीय मुत्सद्द्यांनी नव्हे, की संयुक्त राष्ट्रसंघाच्या ठरावांनीही नव्हे. आंगोला, मोझांबिक आणि गिनी-बिसाव या तीन आफ्रिकी वसाहतींतील युद्धांनी पोर्तुगीज लष्कर इतके थकून गेले की, त्या लष्करातील तरुण अधिकाऱ्यांनीच २५ एप्रिल १९७४ रोजी आपल्या देशातील हुकूमशाही उलथून टाकली. या तिन्ही युद्धांत पोर्तुगालला सर्वाधिक जेरीस आणणारे युद्ध तिघांतील सर्वांत लहान देशात झाले. हा देश आपल्या कोकणपट्टीहून थोडासाच मोठा आणि त्या काळी त्याची लोकसंख्या जेमतेम पाच लाखांच्या घरातली. या युद्धाची आखणी करणारा पुरुष ना सेनापती होता, ना पेशाने राजकारणी. तो मातीचा अभ्यास करणारा शेतीतज्ज्ञ होता. त्याचे नाव अमिल्कार काब्राल.

हो चि मिन्ह, एन्क्रुमा, मंडेला ही नावे आपल्या सुशिक्षितांना परिचित आहेत. काब्राल यांचे नाव मात्र आपल्याकडे क्वचितच उच्चारले जाते. वास्तविक परकी सत्ता घालविणे आणि स्वातंत्र्य मिळविणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे ज्यांनी लढा चालू असतानाच ओळखले आणि त्यानुसार लढ्याची रचना केली, अशा थोड्या नेत्यांत त्यांची गणना करावी लागेल.

काब्राल यांचा जन्म १२ सप्टेंबर १९२४ रोजी गिनीतील बाफाता या गावी झाला. वडील शाळामास्तर. आईवडील दोघेही मूळचे केप व्हर्दे बेटांवरचे. पोर्तुगीजांच्या वसाहती व्यवस्थेत या बेटांवरच्या लोकांना एक चमत्कारिक स्थान होते. गिनीच्या रहिवाशांना कायद्याने नागरिकत्व नव्हते. पोर्तुगीज भाषा, राहणी व मिळकत यांची कसोटी उतरलेल्या मूठभरांनाच ते मिळे, आणि १९५० च्या सुमारास असे लोक शेकड्याला एकही नव्हते. केप व्हर्देच्या लोकांना मात्र नागरिक मानले जाई आणि गिनीतील कचेऱ्यांतून कारकून, तारमास्तर, दुय्यम अंमलदार म्हणून त्यांचीच नेमणूक होई. म्हणजे राज्य पोर्तुगीजांचे, पण सामान्य माणसाशी रोज गाठ पडे ती केप व्हर्देच्या कारकुनाशी. गोऱ्या सत्तेने दोन काळ्या समाजांत पेरलेले हे वैमनस्य पुढे काब्राल यांच्याच प्राणावर बेतावयाचे होते.

आठ वर्षांचे असताना ते बेटांवर गेले. आई शिवणकाम करी, मासळी डबाबंद करण्याच्या कारखान्यात राबे आणि मुलांचे शिक्षण चालवी. १९४० नंतरच्या दशकात बेटांवर दोन भीषण दुष्काळ पडले. हजारो माणसे अन्नावाचून मेली. लिस्बनच्या सरकारला त्याची फारशी खंत नव्हती. दुष्काळ दैवाने पडतो, पण भूकबळी राज्यकर्त्यांमुळे पडतात, हा धडा त्या तरुणाने पुस्तकातून नव्हे, डोळ्यांदेखत घेतला. १९४५ मध्ये शिष्यवृत्ती मिळून ते लिस्बनला गेले आणि तेथे त्यांनी वैद्यक वा कायदा न निवडता शेतीशास्त्र निवडले, यामागे ही पार्श्वभूमी असली पाहिजे.

लिस्बनमध्ये वसाहतींतून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी सरकारने एक वसतिगृहवजा संस्था काढली होती. त्यांना साम्राज्याचे निष्ठावंत सेवक बनवावे हा हेतू. घडले ते उलटेच. आंगोलाचे आगोस्तिन्हो नेतो, मारियो द आंद्रादे आणि काब्राल यांची मैत्री तेथेच जमली आणि आफ्रिकेचा इतिहास, भाषा, समाज यांचा अभ्यास या मंडळींनी तेथेच आरंभिला. राज्यकर्त्यांनी कारकून घडविण्यासाठी काढलेल्या शाळांतून बंडखोर निपजावेत, हा अनुभव आपल्याला नवा नाही. काब्राल यांची प्रथम पत्नी पोर्तुगीज होती, त्यांची सहाध्यायिनी. आपला लढा पोर्तुगीज जनतेशी नाही, पोर्तुगीज वसाहतशाहीशी आहे, ही भूमिका ते पुढे आयुष्यभर मांडत राहिले. ती केवळ मुत्सद्देगिरी नव्हती.

१९५२ मध्ये सरकारी शेतीतज्ज्ञ म्हणून ते गिनीला परतले. पुढच्याच वर्षी वसाहतीच्या शेतीची गणना करण्याचे काम त्यांच्यावर सोपविण्यात आले. या कामासाठी ते देशाच्या कानाकोपऱ्यांतून हिंडले. कोणत्या गावी कोणते पीक निघते, जमीन कोणाच्या ताब्यात आहे, सारा कोण गोळा करतो, कोणती जमात मुखियाचे ऐकते आणि कोणत्या जमातीत मुखियाच नाही, याची नोंद सरकारी खर्चाने सरकारच्या वहीत होत होती. तीच नोंद एका भावी क्रांतिकारकाच्या मनातही होत होती. या गणनेतून त्यांना जे कळले ते फार महत्त्वाचे होते. गिनीत गोरे मळेवाले नव्हते. शेतकऱ्याची जमीन कोणी हिरावून घेतली नव्हती. त्याची लूट होई ती कराच्या रूपाने आणि भुईमुगाच्या पडेल भावाच्या रूपाने. जमीन हिसकावणारा शत्रू डोळ्यांना दिसतो, तराजूतला शत्रू दिसत नाही. म्हणून परकीयांना हाकला एवढी घोषणा या शेतकऱ्याला पेटवू शकणार नाही, आपला माल घेणारा व्यापारी कोण आणि भाव ठरविणारा कोण हे त्याला आधी समजावून द्यावे लागेल, हे काब्राल यांनी ओळखले. दुसऱ्या देशाच्या क्रांतीचा साचा आपल्या देशावर बसवू नये, आधी आपली जमीन तपासावी, हा त्यांच्या विचाराचा गाभा या गणनेत आहे.

बिसावमध्ये तरुणांसाठी एक क्रीडामंडळ काढण्याचा त्यांचा प्रयत्न सरकारने हाणून पाडला आणि १९५५ मध्ये त्यांना देश सोडणे भाग पाडले. आंगोलात नोकरी करीत असताना ते अधूनमधून आईला भेटावयास येत. अशाच एका भेटीत, १९ सप्टेंबर १९५६ रोजी, बिसावमध्ये सहा जणांनी एकत्र येऊन एका गुप्त पक्षाची स्थापना केली, असे त्या पक्षाची परंपरा सांगते. गिनी व केप व्हर्दे यांचे स्वातंत्र्य हे त्याचे उद्दिष्ट होते. संस्थापकांत कोण होते हे पाहण्यासारखे आहे. आरिस्तिदेस परेरा तारखात्यात नोकरीला होते. काब्राल यांचे सावत्र बंधू लुईस हे एका पोर्तुगीज व्यापारी पेढीत हिशेबनीस होते. ज्यांच्या लेखणीवर वसाहतीचा रोजचा कारभार चालत होता, त्यांनीच तो मोडण्याचा विडा उचलला होता.

आरंभीची तीन वर्षे पक्षाने शहरात, कामगारांत काम केले. ३ ऑगस्ट १९५९ रोजी बिसावच्या पिजिगिती धक्क्यावरील गोदी कामगारांनी पगारवाढीसाठी संप केला. पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि सुमारे पन्नास माणसे ठार झाली. या घटनेने काब्राल यांच्या जीवनाला आणि लढ्याला वळण दिले. संतापाच्या भरात प्रतिहल्ला करण्याचा मोह त्या वेळी किती झाला असेल! काब्राल यांनी तो आवरला. शहरात सत्तेचे सारे बळ एकवटलेले आहे, तेथे निःशस्त्र माणसांना पुढे करणे म्हणजे त्यांना मृत्यूच्या तोंडी देणे होय. लढा खेड्यांत न्यावयास हवा, आणि तयारीवाचून एकही गोळी झाडता कामा नये, असा निर्णय त्यांनी त्याच वर्षी सहकाऱ्यांकडून करून घेतला.

येथे गोव्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर सालाझारच्या शिपायांनी केलेला गोळीबार महाराष्ट्र विसरलेला नाही. १९५१ मध्येच सालाझारने वसाहती हा शब्द काढून टाकून त्यांना सागरापलीकडील प्रांत असे नाव दिले होते. वसाहतच नाही म्हटल्यावर ती सोडण्याचा प्रश्नच उरला नाही! इंग्रजांशी निदान वाटाघाटी होऊ शकत. येथे बोलण्यास दारच नव्हते. आफ्रिकेतील आणि गोव्यातील स्वातंत्र्यवाद्यांना या एकाच भिंतीला टक्कर द्यावयाची होती. म्हणूनच एप्रिल १९६१ मध्ये कासाब्लांकाला पोर्तुगीज वसाहतींतील राष्ट्रवादी संघटनांची संयुक्त परिषद भरली तेव्हा तीत गोवेकरही होते, आणि मूळचे गोव्याचे आक्विनो द ब्रागांझा या चळवळीशी अखेरपर्यंत निगडित राहिले. गोव्याच्या मदतीला शेजारचा बलाढ्य देश धावून आला. गिनीला असा शेजारी नव्हता. तिला स्वतःच्याच लोकांवर विसंबावे लागणार होते.

१९६० पासून काब्राल यांनी शेजारच्या गिनी प्रजासत्ताकाच्या राजधानीत, कोनाक्रीला, मुक्काम हलविला. तेथे त्यांनी प्रथम शस्त्रागार नव्हे, शाळा काढली. खेड्यांतून आलेल्या तरुणांना ते स्वतः शिकवीत : गावात गेल्यावर कसे बोलावे, म्हाताऱ्यांचा मान कसा राखावा, कराविषयी, भावाविषयी, वेठीविषयी काय विचारावे. दोनअडीच वर्षे ही तयारी चालली. जानेवारी १९६३ मध्ये दक्षिणेतील तिते येथील लष्करी तळावर हल्ला होऊन सशस्त्र लढ्याला तोंड फुटले. देश सपाट, दलदलीचा, खाड्यांनी चिरलेला; गनिमाला आश्रय देणारे डोंगर जवळजवळ नाहीतच. डोंगरांचे काम तेथे माणसांना करावे लागले.

यश मिळू लागताच एका वेगळ्याच संकटाने डोके वर काढले. काही टोळीनायक आपापल्या भागात लहानसे राजेच बनले. लोकांना छळणे, बायकांवर जबरदस्ती, चेटूक केल्याच्या आरोपावरून माणसे मारणे, असे प्रकार सुरू झाले. १९६४ च्या आरंभी कोमो बेटावर पोर्तुगीज सैन्याशी अडीच महिने झुंज चालली असतानाच फेब्रुवारीत काब्राल यांनी कासाका येथे पक्षाची परिषद बोलाविली. दोषी नायकांचा तेथे न्याय झाला आणि काहींना देहांताची शिक्षा झाली. तेथेच टोळ्या मोडून पक्षाच्या आज्ञेत चालणारे सैन्य उभारण्यात आले. शत्रू दाराशी असताना घरातील घाण उपसू नये, असा सोयीचा सल्ला अशा प्रसंगी नेहमी दिला जातो. काब्राल यांना तो मान्य नव्हता. बंदूक हाती असलेल्या माणसाला जो आज आवरत नाही, त्याला उद्या तो आवरणार नाही, हे त्यांना स्पष्ट दिसत होते.

मुक्त झालेल्या मुलखात त्यांनी काय केले, हा या चरित्राचा सर्वांत मोलाचा भाग आहे. प्रत्येक गावी पाच जणांची समिती निवडली जाई आणि तीत किमान दोन स्त्रिया असल्याच पाहिजेत असा नियम होता. ही गोष्ट साठीच्या दशकातली आहे. आपल्याकडे पंचायतींत स्त्रियांना एक-तृतीयांश जागा मिळाल्या त्या १९९३ च्या घटनादुरुस्तीने. व्यापारी पेढ्यांना पर्याय म्हणून लोकांची दुकाने निघाली. तेथे शेतकरी भात देई आणि कापड, मीठ, अवजारे नेई. झाडाखाली शाळा भरत, गावातलेच लोक न्यायनिवाडा करीत, विमानातून बाँब पडू लागले की रुग्णालये हलविली जात. परकी झेंडा उतरण्याची वाट न पाहता स्वराज्य चालू करावयाचे, आणि त्यात चुकत-माकत लोकांना राज्य करावयास शिकवावयाचे, ही त्यांची पद्धत होती. आपल्या कार्यकर्त्यांना त्यांची सक्त ताकीद असे की, लोकांपासून काही लपवू नका, फसलेल्या मोहिमा यशस्वी म्हणून सांगू नका. माणसे कल्पनेसाठी लढत नाहीत, मुलांना चार घास अधिक मिळावेत म्हणून लढतात, याचे त्यांना विस्मरण होत नसे.

संस्कृतीविषयीचे त्यांचे विचार असेच समतोल होते. परकी सत्ता टिकते ती लोकांची संस्कृती दडपून, म्हणून मुक्तिलढा ही मुळात एक सांस्कृतिक कृती आहे, असे त्यांनी १९७० मध्ये अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात मांडले. पण आपले ते सारे उज्ज्वल, अशी त्यांची समजूत नव्हती. लढवय्ये गंडेदोरे बांधून रणात उतरत; त्यांनी ते हिसकावले नाहीत, पण गोळी गंड्याने अडत नाही हे अनुभवाने कळेल असा विश्वास बाळगला. शत्रूची भाषा म्हणून पोर्तुगीजही त्यांनी टाकून दिली नाही. ज्ञानाचे साधन कोणाचे आहे यापेक्षा ते कोणाच्या हाती आहे याला ते महत्त्व देत.

१९६६ मध्ये हवानाच्या परिषदेत त्यांनी एक विचार मांडला. तो आपल्यासारख्या वाचकाला अस्वस्थ करणारा आहे. वसाहतीत शिकलेला मध्यमवर्ग, म्हणजे कारकून, शिक्षक, वकील, अंमलदार, हाच लढ्याचे नेतृत्व करतो, कारण राज्ययंत्र कसे चालते हे त्यालाच ठाऊक असते. स्वातंत्र्यानंतर सत्ताही त्याच्याच हाती येते. मग त्याच्यापुढे दोनच मार्ग उरतात. एक, गोऱ्या साहेबाच्या खुर्चीत बसून साहेब व्हावयाचे. दुसरा, वर्ग म्हणून आपले हितसंबंध जाणूनबुजून सोडून देऊन कष्टकऱ्यांत मिसळून जावयाचे. या दुसऱ्या मार्गाला त्यांनी त्या वर्गाची आत्महत्या म्हटले. स्वतः नागरिकत्वाचे हक्क, पदवी आणि सरकारी नोकरी मिळविलेल्या माणसाने हे सांगावे यात त्या विचाराचे वजन आहे.

१९६८ मध्ये गव्हर्नर म्हणून आलेले जनरल स्पिनोला हे चाणाक्ष सेनानी होते. तीस हजारांहून अधिक सैन्य हाती असूनही केवळ शस्त्रबळाने हे युद्ध जिंकता येणार नाही हे त्यांनी जाणले, आणि रस्ते, शाळा, दवाखाने काढून, तसेच केप व्हर्देवाल्यांविरुद्ध गिनीच्या लोकांना फितवून पक्ष फोडण्याचा उद्योग आरंभिला. काब्राल यांनी त्याला राजकारणानेच उत्तर दिले. जुलै १९७० मध्ये पोप सहावे पॉल यांनी त्यांना व त्यांच्या आफ्रिकी सहकाऱ्यांना भेट दिली, तेव्हा कॅथलिक धर्माचे रक्षक म्हणविणाऱ्या लिस्बनला मोठाच धक्का बसला. एप्रिल १९७२ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाचे तीन सदस्यांचे पथक मुक्त मुलूख स्वतः पाहून गेले, आणि त्याच वर्षी त्या मुलखात राष्ट्रीय लोकसभेसाठी निवडणुका झाल्या. युद्ध चालू असता मतदान घेणारी मुक्तिसेना इतिहासात विरळाच.

स्वातंत्र्याची घोषणा आता काही महिन्यांवर आली होती. २० जानेवारी १९७३ च्या रात्री कोनाक्रीत घरी परतत असताना काब्राल यांना त्यांच्याच पक्षाच्या काही लोकांनी गाठले आणि गोळ्या घालून ठार केले. मारेकऱ्यांचा म्होरक्या पक्षाच्या नौदलातील एक अधिकारी होता. पोर्तुगीज गुप्त पोलिसांचा यात किती हात होता याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु केप व्हर्देवाल्यांविषयीचा गिनीतील लोकांचा जुना सल या कटाला उपयोगी पडला, याविषयी नाहीत. मृत्युसमयी काब्राल अठ्ठेचाळीस वर्षांचे होते.

नेता गेल्यावर लढा कोसळेल ही लिस्बनची अपेक्षा मात्र फोल ठरली. पक्षाने विमानवेधी क्षेपणास्त्रे मिळवून आकाशही पोर्तुगीजांना असुरक्षित केले, आणि २४ सप्टेंबर १९७३ रोजी मदिना द बोए येथे लोकसभेने स्वतंत्र प्रजासत्ताकाची घोषणा केली. आता बिसावमधील पोर्तुगीज अधिकाऱ्यांना गोव्याची सावली दिसू लागली. गोव्यात शरण आलेल्या गव्हर्नर जनरल वास्सालु इ सिल्व्हा यांना सालाझारने लष्करातून काढून टाकले होते. पराभवाचे खापर आपल्याही माथी असेच फुटणार, ही भीती तरुण कॅप्टनांच्या असंतोषात मोठी होती. त्यांच्या चळवळीचे एक मूळ गिनीच्या छावण्यांत आहे. १० सप्टेंबर १९७४ रोजी पोर्तुगालने गिनी-बिसावला मान्यता दिली, ५ जुलै १९७५ रोजी केप व्हर्दे स्वतंत्र झाले. वसाहतींनी आपल्याबरोबर आपल्या राज्यकर्त्या देशालाही मुक्त केले!

हे चरित्र येथे संपविणे सोयीचे आहे, पण प्रामाणिकपणाचे नाही. काब्राल यांच्या देशाचा पुढचा इतिहास दुःखद आहे. पोर्तुगीजांच्या बाजूने लढलेल्या अनेक काळ्या सैनिकांना स्वातंत्र्यानंतर गुपचूप ठार करण्यात आले. युद्धकैद्यांना रेड क्रॉसच्या स्वाधीन करणाऱ्या नेत्याच्या पक्षाने हे करावे! नोव्हेंबर १९८० मध्ये लष्कराने लुईस काब्राल यांना पदच्युत केले आणि दोन्ही देशांच्या ऐक्याचे स्वप्न भंगले. १९९८-९९ मध्ये यादवी, २००९ मध्ये राष्ट्राध्यक्षांचा खून, २०१२ मध्ये पुन्हा लष्करी उठाव, ही मालिका थांबली नाही. केप व्हर्देने मात्र १९९१ पासून मतपेटीच्या मार्गाने सत्तांतरे घडविली आहेत. बंदुकीने मिळालेल्या स्वातंत्र्यात बंदूकवाल्यांनाच अखेर राज्य मिळते, असा निष्कर्ष कोणी यावरून काढील. तो अर्धाच खरा आहे. कासाकाला काब्राल यांनी जे केले ते पुन्हा करणारा कोणी उरला नाही, हे त्याचे उरलेले अर्धे. सत्ताधारी बिसाव शहरात आले आणि गावच्या पाच जणांच्या समित्या मागे पडल्या. साहेबाची खुर्ची रिकामी होती, ती भरली गेली.

एका माणसाच्या शिस्तीवर इतके काही अवलंबून ठेवणे, हा काब्राल यांच्या रचनेतील दोष म्हणावा लागेल. परंतु त्यांनी विचारलेला प्रश्न त्यामुळे लहान होत नाही. परकी राज्य जाऊन आज आपल्याला पाऊणशेहून अधिक वर्षे झाली. शेतमालाचा भाव ठरतो तेव्हा शेतकरी कोठे असतो, कचेरीच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या खेडुताशी आपण कोणत्या आवाजात बोलतो, गावच्या शाळेत नेमणूक झाली की बदलीसाठी खटपट का सुरू होते, हे प्रश्न परकीयांना विचारता येण्यासारखे उरलेले नाहीत. ते खिडकीच्या आतल्या माणसालाच विचारावे लागतात. गिनीच्या गावोगाव हिंडून भात आणि भुईमूग मोजणाऱ्या त्या सरकारी नोकराने ते प्रथम स्वतःला विचारले होते.